खडूचं घर

रविवारी दुपारी सुताराने घरच्या सगळ्यांना आपल्या कारखान्यात बोलावलं होतं आणि येताना प्रत्येकजण काही ना काही विसरून आला. मुलीने डबा बसमध्ये ठेवला, मुलाने चष्मा घरी ठेवला, आणि काका मोजपट्टी आणायची म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेला तो मोजपट्टीशिवायच आला. वर्षभर हे असंच चाललं होतं. पूर्वी टेकडीवरच्या घरातून कोणीही निघालं की आत्या दारात उभी राहून विचारायची, ‘काही राहिलंय का?’ मग माणूस खिसे चाचपायचा आणि निम्म्या वेळा आत परत जायचा. आत्या गेली त्या दिवसापासून ते वाक्य कोणी तोंडात घेतलं नव्हतं. त्यामुळे वस्तू राहायच्या त्या राहायच्याच.

सुताराने आठवडाभर गिऱ्हाइकांना पुढच्या तारखा दिल्या होत्या. करवतीचं यंत्र भिंतीशी सरकवलं, फळ्यांच्या थप्प्या बाहेर पत्र्याखाली लावल्या, सिमेंटची जमीन दोनदा धुतली आणि शनिवारचा अख्खा दिवस दोरीला खडू लावून रेषा मारण्यात घालवला. ही त्याच्या वडिलांची पद्धत. जिना असो नाहीतर कपाट, आधी जमिनीवर पूर्ण मापाचं काढायचं, त्यावर चालून बघायचं आणि मगच लाकडाला हात लावायचा. कागदावर सगळ्यांनाच खोली मोठी वाटते, असं म्हातारा म्हणायचा. अख्खं घर मात्र आजवर या जमिनीवर कोणी काढलं नव्हतं.

सोमवारी सकाळी इंजिनिअर मापं घ्यायला येणार होता. वणव्यात गेलेल्या घराची टेकडीवरची जागा साफ झाली होती, जळके ओंडके उचलून नेले होते, बांधायची परवानगीही हातात पडली होती. आता काय बांधायचं तेवढं सांगायचं होतं. सुताराचं उत्तर तयार होतं. जसं होतं तसं.

“भिंतीतून काय येतोस?” तो मुलावर खेकसला. “दार तिकडे आहे.”

मुलगा बस चालवतो. तीस वर्षांचा, अंगापिंडाने थोराड. तो जिथे होता तिथेच थबकला, एक पाय बैठकीच्या खोलीत आणि एक बाहेर. मग मुकाट्याने मागे झाला, वळसा घालून पुढच्या दाराशी आला आणि आत शिरताना त्याने मान खाली घातली. त्या दाराची चौकट ठेंगणी होती. पंधराव्या वर्षापासून कपाळ आपटून आपटून त्याच्या मानेला ती सवय लागली होती, आणि समोर नुसती हवा आहे हे मानेला कोणी सांगितलं नव्हतं.

मुलगी हसली, पण तिचं हसणं अर्ध्यातच राहिलं. तीही मग दारातूनच आत आली, उजवीकडे वळली, खिडकीपाशी जमिनीवर बसली आणि गुडघे जवळ घेतले. शाळेचा अभ्यास तिने तिथेच बसून केला होता. “इथून चिंचेचं झाड दिसायचं,” ती म्हणाली. समोर पत्र्याची भिंत होती आणि तिच्यावर टांगलेल्या करवती.

ती दवाखान्यात नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पाव करपला, तेव्हा कोणी काही बोलायच्या आत तिने चार पेशंट जिन्यावरून खाली उतरवून रस्त्यावर उभे केले होते. त्यातल्या एकाची सलाइनची बाटली तिच्या हातात होती. वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत, त्यांनी तिला फक्त मंगळवारी पाठवलं. मंगळवारी संध्याकाळी समाजमंदिरात समुपदेशक बाई येत. टेकडीवरची माणसं गोल करून बसत. कोणाला झोप नसायची, कोणी बूट घालूनच झोपायचं, कोणी गॅस पेटवायला शेजारणीला बोलवायचं. या मुलाचंही एक होतंच, तो बस कायम तोंड रस्त्याकडे करूनच उभी करायचा. सुतार दोनदा गेला. दुसऱ्यांदा त्याने तास सगळा डगमगणाऱ्या खुर्च्यांचे पाय ठोकण्यात काढला आणि बाईंना सांगितलं, आता बरं वाटतंय.

“ही आत्याची खोली,” मुलगा हळू आवाजात म्हणाला. तिथे मात्र कोणी पाय ठेवला नाही. दाराशी उभं राहून सगळ्यांनी आत पाहिलं. नऊ बाय आठचा चौकोन, त्यात पलंगाचा लांबट चौकोन आणि कोपऱ्यात कपाट. सुताराने तिच्या चपला ठेवायची फळीसुद्धा काढली होती.

काका तोवर स्वयंपाकघरात पोचला होता. सुताराचा धाकटा भाऊ, खिडक्यांच्या काचा बसवणारा, बोलल्याशिवाय ज्याचा दिवस जात नाही असा. त्याने ओटा पाहिला, मोरी पाहिली, आणि मागच्या भिंतीच्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

“दादा, म्हातारा झालास की काय? मागचं दार विसरलास.”

“विसरलो नाही.”

“मग कुठाय?”

“मागचं दार नाही,” सुतार म्हणाला. त्याने बसल्या जागी खडूची पूड फुंकली. “जसं होतं तसं, फक्त मागचं दार नाही.”

सगळ्यांनी सुताराच्या बायकोकडे पाहिलं. ती पुढच्या दाराबाहेरच, म्हणजे कारखान्याच्या मधोमध, हातात चहाची किटली घेऊन उभी होती. घर काढलं तेव्हापासून तिने एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं.

“अहो, एकच दार?” तिने विचारलं.

“एकच.”

“पुढून आग आली तर?”

तो शब्द या घरात कोणी उच्चारत नसे. ‘तो दिवस’ म्हणत, ‘ते झालं’ म्हणत. मुलीने गुडघे आणखी जवळ ओढले.

“एकच दार असलेल्या घरात मी झोपणार नाही,” बायको म्हणाली. “एक रात्रसुद्धा नाही.”

“मग नको झोपूस.”

“आई, राहू दे ना,” मुलगा मध्ये पडला. “बाबांना नको असेल तर कशाला? खिडक्या मोठ्या करू.”

“खिडक्या मोठ्या करू, मी काच देतो,” काका घाईने म्हणाला, आणि लगेच मोरीकडे वळला, कारण वहिनीची नजर त्याच्यावर होती.

मुलगी उठून बापाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मुलगा तिथे होताच. आई बाहेर, काका मोरीत, आणि तिघं स्वयंपाकघरात, अशी विभागणी झाली. मागचं दार का नको ते कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. निदान तसं त्यांना वाटत होतं.

सुताराला त्या दाराचं सगळं पाठ होतं. त्यानेच केलेलं, सागाचं, खाली दोन बोटं जाड पट्टी. हवेत ओल आली की फुगायचं आणि उंबरठ्याला घासून अडकायचं. अकरा वर्षं बायको आणि अक्का, म्हणजे मुलांची आत्या, त्याच्या मागे लागल्या होत्या. अकरा वर्षं तो म्हणत होता, उद्या रंधा मारतो. गावभरच्या दारांना त्याने रंधा मारला. दुसऱ्या कोणाला हातही लावू द्यायचा नाही, माझं काम आहे म्हणायचा. त्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन निघाला तेव्हा मागून धाडकन लाथेचा आवाज आला आणि अक्काचा खणखणीत आवाज. “अरे सुतारा, माझा पाय मोडल्यावर करणार आहेस का हे दार?” तो हसत हसत उतरणीला लागला. थोरल्या बहिणीचं ते शेवटचं बोलणं. संध्याकाळी, सगळं निवल्यावर, अक्का सापडली ती स्वयंपाकघरात, मागच्या दारापासून चार पावलांवर. ती चार पावलं त्याने वर्षभर रोज चालून पाहिली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत, पलंगापासून मोरीपर्यंत.

काका किटली घ्यायच्या निमित्ताने वहिनीजवळ आला आणि तिला रंगाच्या डब्यांपाशी घेऊन गेला.

“वहिनी, सांगून टाकू आता.”

“नको, भाऊजी.”

“अहो, तो बघा कसा बसलाय. मी काय चोरी केली का? तो तीन दिवस बाहेरगावी कामाला होता, तुम्ही म्हणालात म्हणून मी दार उतरवलं, खालून दोन सूत काढलं, परत लावलं. पाव इंच. बोटाने ढकललं तरी उघडत होतं.” काकाचा आवाज चढला तसा त्याने तो दाबला. “आणि अक्काने नाटक काय केलं. दादाला कळलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणून पुढे पंधरा दिवस तो घरात असला की मुद्दाम लाथ मारायची. मी म्हटलं, अक्का, चौकट मोडशील. ती म्हणाली, मोडू दे, त्याचीच आहे.”

वहिनी हसली नाही. त्या दोघांच्या गुपिताला आता वर्ष झालं होतं. पहिल्या आठवड्यात काकाने तोंड उघडायचा प्रयत्न केला होता, तेव्हा ती म्हणाली होती, आत्ता नको, ते सावरू देत. तेरावा महिना लागला. दादा सावरला नव्हता.

“दार उघडत होतं एवढं कळलं ना, त्याचा जीव भांड्यात पडेल,” काका म्हणाला.

“आणि मग ते विचारतील, दार उघडत होतं तर ती आत कशी.”

 खरं तर हा प्रश्न काकाला सुचलाच नव्हता. वर्षभर तो आपल्या दोन सुतांवरच अडून बसला होता. “कशी?” त्याने विचारलं.

वहिनीने किटली त्याच्या हातात दिली. काकाला पहिल्यांदाच तिची भीती वाटली. तो तसाच किटली घेऊन चालू लागला, पुढच्या दारातून आत गेला, मान वाकवून, आणि स्वयंपाकघरात भावासमोर जाऊन उभा राहिला.

“दादा, ते दार अडकत नव्हतं.”

“काय?”

“तू बाहेरगावी होतास तेव्हा मी उतरवून दोन सूत काढलं. अक्काने तुझ्यापासून लपवलं. लाथ मारायची ते ढोंग होतं.”

सुताराने मान वर केली. “कशाने काढलंस?” त्याने विचारलं.

“तुझ्याच रंध्याने. छोट्या.”

“मग तो जागेवर उलटा ठेवणारा तूच होतास तर.”

“मीच.”

“आणि सकाळी ती...” सुताराने पाय उचलून हवेत लाथ मारल्यासारखं केलं. “ते ढोंग होतं?”

“निव्वळ ढोंग. मला शिकवून दाखवलं होतं, कसं बिजागरीजवळ मारलं की आवाज मोठा होतो आणि दार हलत नाही.”

सुताराच्या गळ्यातून कसलासा आवाज आला. मुलगी नर्स असल्याने तिला वाटलं श्वास अडकला. पण तो हसत होता. हसता हसता त्याने तोंडावर हात घेतला, खडूचा पांढरा पंजा गालावर उमटला, आणि मग खांदे हलू लागले तेव्हा ते हसणं नव्हतं. मुलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढी वर्षं अक्काने त्याला फसवलं नव्हतं आणि शेवटच्या पंधरा दिवसांत रोज फसवलं होतं. त्याला ती इतकी हवीशी वाटली की त्याने आत्याच्या खोलीच्या चौकोनाकडे वळून पाहिलं.

 मग, वहिनीला माहीत होतं तसंच, त्याने डोळे पुसले आणि विचारलं, “मग ती बाहेर का नाही आली?”

काकाने वहिनीकडे पाहिलं. 

“आली होती,” बायको म्हणाली.

ती अजून बाहेरच उभी होती. आता घराच्या मागच्या बाजूला, जिथे टेकडीवर नळ होता. तिचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. पूर्वी तिच्या हातात कायम सुई असायची. घरातल्या साऱ्यांचे कपडे ती शिवायची. वर्षभर तिने धाग्याला हात लावला नव्हता, डोळे अधू झालेत म्हणायची, आणि नवऱ्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलं तेव्हापासून तिथे टाचणी होती.

“नळापाशी उभ्या होत्या. तिथून मला फोन केला.”

“फोन लागला नव्हता म्हणालीस. पोलिसांनाही तेच सांगितलंस.”

“लागला होता.”

तिने एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर पुन्हा वर्ष गेलं असतं. “वन्सं म्हणाल्या, मी बाहेर आलेय, खालचा दूधवाला गाडी घेऊन येतोय, त्याच्याबरोबर उतरते. आणि मग म्हणाल्या, काही राहिलंय का? नेहमीसारखं. मी शाळेत मुलांचे गणवेश शिवत होते. मला वाटलं, आग अजून पलीकडच्या टेकडीवरच आहे. मी म्हणाले, जमलं तर माझा शिवणाचा डबा. आईची कात्री आहे त्यात. जमलं तर, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, आत्ता आणते. फोन कानालाच होता. दार उघडल्याचा आवाजही आला नाही. इतकं हलकं लागत होतं ते. मग वारा आला आणि फोन बंद झाला.”

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“वर्षभर,” सुतार म्हणाला.

“हो.”

“वर्षभर मी त्या चार पावलांवर...”

“रोज बघत होते. रोज वाटायचं, आज सांगते.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“तुम्ही मला ठेवलं नसतं, असं वाटलं.”

“बाबा,” मुलगी म्हणाली. तिने बापाची बाजू सोडली होती. केव्हा सोडली ते तिलाही कळलं नाही, पण ती आता रेषेच्या बाहेर, आईच्या शेजारी उभी होती. “बाबा, जरा बसा.”

तो बसला नाही. चालू लागला. रागाने चेहरा काळवंडला होता, तरी तो स्वयंपाकघरातून बैठकीत आला, पुढच्या दाराशी वाकला आणि दारातूनच बाहेर पडला. कारखान्याच्या मागे मोरी होती. पाणी सोडल्याचा आवाज आला आणि येतच राहिला.

“मी जाऊन बघतो,” मुलगा म्हणाला.

“थांब,” आई म्हणाली. “मला घालवायचं असेल तर त्यांना स्वतः येऊन सांगू दे.”

काकाने चहा ओतला. कोणी घेतला नाही. तो वहिनीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून नुसताच उभा राहिला. गेल्या कित्येक वर्षांत त्याने केलेली ती सगळ्यात अवघड गोष्ट होती.

ऊन पत्र्यावरून उतरलं तेव्हा सुतार परत आला. तोंड धुतलेलं, सदरा छातीपर्यंत भिजलेला. तो आत गेला नाही, घराला वळसा घालून बायकोपाशी आला.

“नळ इथे नव्हता,” तो म्हणाला. “आणखी दोन फूट तिकडे.”

ती दोन फूट सरकली.

“इथे होती?”

“म्हणाल्या तरी तसं. नळापाशी सावली आहे म्हणाल्या.”

“घाबरली होती?”

“नाही. हसत होत्या.” तिला ते वर्षभरात आठवलंच नव्हतं, किंवा आठवू दिलं नव्हतं. “म्हणाल्या, आज लाथ नाही मारली गं. बघायला सुतार नाही घरात.”

सुताराने मान हलवली. एकदा, दोनदा. “पुन्हा सांग,” तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं. त्याने सगळं विचारलं. आवाज कसा होता, खोकत होती का, ‘सुतार’ म्हणाली की त्याचं लहानपणीचं नाव घेतलं. तिने जेवढं होतं तेवढं दिलं. एका मिनिटाचं बोलणं, त्याला पुरवून पुरवून दिलं. डब्याचं त्याने काही विचारलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. मुलीला ते ऐकायचं होतं, तिने वाट पाहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते आज मिळणार नाही, कदाचित हप्त्याहप्त्याने मिळेल.

मग तो गुडघ्यावर बसला. ओल्या बोटांनी मागच्या भिंतीची रेषा तीन फूट पुसली.

“आत उघडायचं की बाहेर?” त्याने मान वर न करता विचारलं.

“बाहेर,” बायको म्हणाली.

“पूर्वी आत होतं.”

“बाहेर करा.”

त्याने दोरीचं एक टोक बिजागरीच्या जागी काकाला धरायला लावलं आणि दुसऱ्या टोकाच्या खडूने दाराच्या उघडण्याची कमान काढली, थेट नळाच्या दिशेने. काका म्हणाला, खाली फट किती धरायची. सुतार म्हणाला, दोन सूत. मुलाने इंजिनिअरसाठी ते कागदावर लिहून घेतलं, चष्मा नसल्यामुळे कागद हातभर लांब धरून.

आता ती आत आली. मागच्या दाराने. ओट्यापाशी क्षणभर थांबली, मग आत्याच्या खोलीत गेली आणि कपाटाच्या चौकोनासमोर उभी राहिली. डबा त्या कपाटावर असायचा. इतर तिघांनी रेषेबाहेरून पाहिलं. सुतार तिच्या मागे गेला नाही, पण दारात उभा राहिला.

निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी कप गोळा केले, दिवे घालवले. मुलं पुढे गेली, काका त्यांच्यामागे. सुताराने मोठं दार ओढून घेतलं, कुलूप कडीत अडकवलं आणि किल्ली फिरवायच्या आधी थांबला. बायको पायरीवर होती.

“काही राहिलंय का?” त्याने विचारलं.

मुलं रस्त्यात थबकली. काकाचा हात आपोआप खिशाकडे गेला. तिने दाराच्या फटीतून आत पाहिलं. अंधारात घर पांढरं दिसत होतं, मागचं दार उघडं.

“नाही,” ती म्हणाली. “काही राहिलं नाही. या तुम्ही.”